काउंटेसची मेजवानी आणि नाशिकचं पावतीपुस्तक

न्यूयॉर्कमधल्या धर्मादाय मेजवानीच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘काउंटेस’ किंवा ‘प्रिन्सेस’ अशी इटालियन सरदारकीची पदवी लावलेलं नाव दिसलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे झुंबरं, मोत्यांच्या माळा आणि फोटोग्राफर येतात. त्या नावामागे बाई नेमकं काय काम करते, हे मात्र दिसत नाही. ते काम समजलं तर नाशिकमधल्या एखाद्या लहान ट्रस्टला त्यातून बरंच उचलता येईल. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी पदवीबद्दल. कायद्याच्या दृष्टीने तिला आज काही किंमत नाही. २ जून १९४६ च्या सार्वमताने इटलीतली राजेशाही गेली. १९४८ मध्ये लागू झालेल्या राज्यघटनेने सरदारकीच्या पदव्या मानणं बंद केलं. २८ ऑक्टोबर १९२२ पूर्वीच्या पदव्यांना जोडलेली गावांची, जहागिरींची नावं तेवढी आडनावाचा भाग म्हणून राहू दिली. अमेरिकेचं सरकार तर घटनेनुसार पदवी देऊच शकत नाही, आणि तिथलं नागरिकत्व घेणाऱ्याकडे वंशपरंपरागत पदवी असेल तर ती शपथेवर सोडावी लागते. आपल्याकडे घटनेचं कलम १८ आहे, आणि १९७१ च्या सव्विसाव्या दुरुस्तीने संस्थानिकांचे तनखेही संपले. तेव्हा ‘काउंटेस’ हा शब्द उरला तो लोकांच्या तोंडी. पण लोकांच्या तोंडी असणं हेच देणगी गोळा करणाऱ्याचं भांडवल असतं.

अमेरिकन पैसा आणि इटालियन घराणी यांच्या सोयरिकी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भराला आल्या. जेन कॅम्पबेल या अमेरिकन तरुणीने १८९७ मध्ये सान फाउस्तिनोच्या कार्लो बूर्बोन देल मोंते या राजपुत्राशी लग्न केलं आणि पुढे रोमच्या उच्चभ्रू वर्तुळात तिचा शब्द चालू लागला. तिची मुलगी व्हर्जिनिया १९१९ मध्ये फियाट कारखान्याच्या आन्येल्ली घराण्यात गेली. जुनं नाव, अमेरिकन नाती आणि कारखानदारीचा पैसा दोन पिढ्यांत एका घरात आले. कोणाला कोणाशेजारी बसवलं की काम होईल, हे ज्ञान अशा घरांमध्ये साठत जातं.

माझ्या मनात जास्त घर करून आहे ती मार्गरीट चॅपिन काएतानी. जन्म १८८० चा, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातला. गाणं शिकायला ती पॅरिसला गेली आणि १९११ मध्ये रोफ्रेदो काएतानी या संगीतकार राजपुत्राशी तिचं लग्न झालं. वारशाने आलेल्या स्वतःच्या पैशांतून तिने पॅरिसमध्ये १९२४ पासून ‘कॉमेर्स’ नावाचं वाङ्मयीन नियतकालिक चालवलं. रोममध्ये १९४८ ते १९६० या काळात ‘बोत्तेगे ओस्कुरे’ या दुसऱ्या नियतकालिकाचे २५ अंक काढले. लेखकांना मानधन चांगलं मिळायचं. तिचं स्वतःचं नाव मात्र ती शक्यतो पुढे येऊ देत नसे. एकुलता एक मुलगा कामिल्लो १९४० मध्ये अल्बेनियाच्या आघाडीवर मारला गेला. त्यानंतर आठच वर्षांनी तिने हा दुसरा उद्योग सुरू केला.

दानशूरपणाचे दोन मार्ग इथे वेगळे होतात. मार्गरीटसारखी व्यक्ती स्वतःचं देते. मेजवानी भरवणारी बाई दुसऱ्यांकडून गोळा करते. दुसरं काम हलकं मुळीच नाही, उलट हिशेबाच्या दृष्टीने ते जास्त जोखमीचं आहे, कारण पैसा आपला नसतो. नाशिकमध्ये आपल्याला बहुतेक वेळा दुसरंच करायचं असतं.

न्यूयॉर्कची मेजवानी आतून कशी असते

मेट गाला, म्हणजे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाची मेजवानी, आज जगभर कपड्यांसाठी ओळखला जातो. १९४८ मध्ये एलेनॉर लँबर्ट यांनी तो सुरू केला तेव्हा ती संग्रहालयाच्या वेशभूषा विभागासाठी निधी जमवणारी रात्रीची मेजवानी होती आणि तिकीट होतं ५० डॉलर. सांगाडा तेव्हापासून फारसा बदललेला नाही.

अशा कार्यक्रमाला एक समिती असते. मानद अध्यक्ष नाव देतो, कार्याध्यक्ष काम करतो आणि सदस्य टेबलं, म्हणजे एका टेबलाच्या सगळ्या जागा एकत्र, विकतात. काउंटेसला बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या जागी बसवतात. तिचं खरं काम निमंत्रणं छापून आल्यावर सुरू होतं. आपल्या ओळखीच्या माणसांच्या पत्रिका ती वेगळ्या काढते आणि प्रत्येकीवर हाताने दोन ओळी लिहिते. छापील पत्रिका बाजूला पडते, हाताने लिहिलेल्या पत्रिकेला उत्तर द्यावंच लागतं. तारीख चार ते सहा महिने आधी कळवलेली असते आणि पत्रिका साधारण आठ आठवडे आधी जाते.

दुसरा भाग सत्कारमूर्तीचा. माणूस थोर आहे एवढ्यावर निवड होत नाही. त्याच्यासाठी टेबल घेणारी दहा-पंधरा माणसं किंवा कंपन्या त्याच्या वर्तुळात आहेत का, हे पाहून नाव ठरतं. बँकेच्या प्रमुखाचा सत्कार असेल तर त्या बँकेचे वकील, लेखापरीक्षक, पुरवठादार सगळे टेबल घेतात. हे रोखठोक वाटेल, पण यात फसवणूक नाही. सत्कारमूर्तीला आधीच सांगितलेलं असतं आणि पाहुण्यांची यादी तोच देतो.

तिसरा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. तिकिटाची किंमत आणि देणगी यांची फोड पावतीवरच केलेली असते. अमेरिकेच्या आयकर खात्याचा नियम असा आहे की पाहुण्याने ७५ डॉलरपेक्षा जास्त दिले आणि बदल्यात त्याला जेवण किंवा वस्तू मिळाली, तर त्या जेवणाची बाजारभावाने किंमत किती हे संस्थेने लेखी कळवायचं. तिकीट १,००० डॉलरचं आणि जेवण २५० चं असेल, तर करसवलतीसाठी देणगी ७५० डॉलरच धरायची. २५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या देणगीवर सवलत हवी असेल तर संस्थेची लेखी पोच लागते. शिवाय संस्थांच्या ९९० क्रमांकाच्या वार्षिक विवरणपत्रात कार्यक्रमांसाठी वेगळं परिशिष्ट असतं. किती जमलं, जेवणावर किती गेलं, करमणुकीवर किती गेलं, हे त्यात भरावं लागतं आणि ते कोणालाही पाहता येतं. झुंबराखालच्या रात्रीचा असा कोरडा हिशेब जाहीर होतो, म्हणून लोक पुढच्या वर्षी पुन्हा पैसे देतात.

आता नाशिक

समजा सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातल्या मुलींच्या वसतिगृहासाठी निधी जमवायचा आहे. गंगापूर रोडवरचा हॉल, २०० पाहुणे, दहा-दहा जणांची २० टेबलं. टेबल ४०,००० रुपयांना. सगळी गेली तर ८ लाख.

खर्च मांडून बघा. जेवण माणशी ८५० प्रमाणे १,७०,०००. हॉल १,००,०००. मंडप, दिवे, ध्वनी ८०,०००. छपाई २५,०००. गायक-वादक ७५,०००. परवाने, गाड्या, किरकोळ ३०,०००. एकूण ४,८०,०००. वसतिगृहाला उरतात ३,२०,०००. आकडे उदाहरणादाखल आहेत, आपापल्या केटररचा भाव घालून पुन्हा मांडावेत, पण चित्र फारसं बदलत नाही. आता सहा टेबलं गेली नाहीत असं धरा. जमा ५,६०,०००. केटररला वेळेवर १४० चा आकडा कळवला असेल तर खर्च ४,२९,००० आणि शिल्लक १,३१,०००. पण आकडा कळवायचा राहिला आणि २०० पानांची हमी तशीच राहिली, तर शिल्लक फक्त ८०,०००. चार महिने राबून दोन टेबलांची रक्कम हाती येते.

म्हणून पहिला नियम: तिकीट छापण्याआधी खर्चाचे ४,८०,००० प्रायोजकांकडून जमवायचे. एकाने हॉल, एकाने जेवण, एकाने ध्वनी. तेवढं जमत नसेल तर कार्यक्रम लहान करा. ७५ माणसांचा संध्याकाळचा फराळ आणि एक चांगलं गाणं यातून कधी कधी २०० जणांच्या जेवणापेक्षा जास्त उरतं. खर्च आधीच भागलेला असला की पाहुण्याला छातीठोक सांगता येतं, ‘तुमच्यातला रुपया न रुपया मुलींकडे जाणार आहे.’ हे वाक्य खरं असेल तरच उच्चारावं.

प्रायोजकत्वातही एक बारीक गोष्ट आहे. देणाऱ्याचं नाव कृतज्ञता म्हणून पाटीवर लिहिलं आणि त्यात धंद्याची जाहिरात नसेल, तर त्या देणगीवर जीएसटी लागत नाही. ऑक्टोबर २०१९ च्या केंद्रीय परिपत्रकाने हे स्पष्ट केलं आहे. ‘श्रीमती अमुक यांच्या स्मरणार्थ’ हे चालतं. फ्लॅट योजनेचा फलक, दर आणि फोन नंबर आला की ती जाहिरातसेवा झाली, आणि ट्रस्टची जीएसटी नोंदणी असेल किंवा उलाढाल मर्यादेपलीकडे असेल तर कर भरावा लागतो.

सातपूर-अंबडच्या कंपन्यांकडे जाताना ‘सीएसआरमधून (कंपनीने समाजकार्यावर करायच्या खर्चातून) टेबल घ्या’ असं म्हणू नका. मॅरेथॉन, पुरस्कार सोहळे, प्रायोजकत्व यांसारखे एकदाचे कार्यक्रम सीएसआर खर्चात धरले जात नाहीत, असं कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१४ मध्येच सांगितलं आहे. कंपनीचा लेखापरीक्षक ती रक्कम अडवतो, मग तुमचा फोन उचलणंही बंद होतं. टेबल मालकाने खिशातून घ्यावं, आणि सीएसआरसाठी वसतिगृहाचा वेगळा प्रकल्प-प्रस्ताव द्यावा. त्यासाठी ट्रस्टची मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंदणी हवी.

कागद आधी, पत्रिका मग

विश्वस्त मंडळाचा ठराव पहिला. कार्यक्रमाचा उद्देश, अंदाजपत्रक, सही करणाऱ्या दोघांची नावं आणि पैसे कोणत्या खात्यात येणार हे त्यात असावं. नोंदणीकृत ट्रस्ट नसलेला मित्रमंडळींचा गट लोकांकडून निधी गोळा करत असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-क खाली धर्मादाय कार्यालयाकडे जावं लागतं. गणेशोत्सव मंडळं वर्गणीसाठी घेतात तीच ही परवानगी.

क्यूआर कोड ट्रस्टच्या खात्याचाच असावा. कार्यकर्त्याच्या मोबाइलवर पैसे घेऊन ‘नंतर भरू’ असं केलं की तीन त्रास होतात. देणगीदाराच्या बँक नोंदीत ट्रस्टचं नाव येत नाही, कार्यकर्त्याच्या खात्यात नको तेवढी जमा दिसते, आणि सगळं प्रामाणिक असूनही कुजबुज सुरू होते.

करसवलतीबद्दल पाहुणे विचारणारच, तेव्हा टेबलावर बसणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला उत्तर पाठ हवं. ८०-जी म्हणून लोकांच्या तोंडी बसलेली सवलत २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला मिळत नाही. वस्तूरूप देणगीलाही मिळत नाही, त्यामुळे तांदूळ देणाऱ्या व्यापाऱ्याला ८०-जी पावती फाडून देऊ नका, साधं आभारपत्र द्या. नवी करप्रणाली निवडलेल्या व्यक्तीला ही वजावट घेता येत नाही. आणि जेवणाच्या तिकिटाची अख्खी रक्कम देणगी म्हणून दाखवणं चूक आहे, कारण बदल्यात जेवण आणि गाणं मिळालेलं आहे. सोपा मार्ग असा: प्रवेशिका जेवणाच्या खर्चाएवढी ठेवा, ८५० किंवा १,०००, तिची साधी पावती द्या. देणगी वेगळी, तिची पावती वेगळी, त्यावर पॅन. दोन पावतीपुस्तकं, दोन रंगांची. (१ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले आहेत, तेव्हा पावतीवरचा मजकूर छापण्याआधी सीएला दाखवा.)

परदेशातल्या नातेवाइकांचा पैसा हा नाशिकमधल्या घराघरातला विषय. मुलगा न्यू जर्सीत आहे, तो पाच हजार डॉलर पाठवतो म्हणाला. पहिला प्रश्न विचारायचा तो पासपोर्टचा. भारतीय नागरिकत्व कायम असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल, तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असूनही तो विदेशी स्रोतच. मग ट्रस्टची एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यायला हवी. ‘माझ्या खात्यात पाठव, मी ट्रस्टला देतो’ हा उपाय अजिबात करू नये. पासपोर्टची प्रत घेऊन फाइलला लावा.

सोडत, म्हणजे शंभर रुपयांची तिकिटं विकून काढलेला लकी ड्रॉ, अमेरिकेत सर्रास दिसतो. इथे तो नकोच. पैसे घेऊन नशिबावर बक्षीस देणं म्हणजे कायद्याच्या नजरेत लॉटरी. लिलाव मात्र करता येतो, कारण त्यात वस्तूची किंमत बोलली जाते.

ध्वनिक्षेपकाचं रात्री १० चं बंधन लॉनवर कडक आहे, बंदिस्त सभागृहाला त्यात सूट आहे. ध्वनिमुद्रित गाणी वाजवणार असाल किंवा गायक चित्रपटगीतं म्हणणार असेल तर संगीताचा परवाना आधी घ्या. लग्नाला मिळणारी सूट धर्मादाय कार्यक्रमाला मिळत नाही.

तारीख आणि ताट

नाशिकमध्ये तारीख ठरवणं ही अर्धी लढाई. जून ते सप्टेंबर पाऊस, मग पितृपक्ष, मग सण. तुळशीच्या लग्नानंतर हॉल लग्नांना जातात. फेब्रुवारी-मार्चात बारावी-दहावीच्या परीक्षांमुळे घरं उठत नाहीत. द्राक्ष बागायतदारांकडे निफाड-दिंडोरी भागात पैसा तोडणी झाल्यावर येतो, जानेवारीत त्यांच्याकडून शब्द मिळेल, रक्कम मार्च-एप्रिलमध्ये. हे सगळं जुळवत गेलं की मकरसंक्रांतीनंतरचे तीन आठवडे हाती उरतात. तेव्हा नाशिकची थंडी असते, म्हणून लॉन टाळा. साडेनऊला लोक शाली आवळत गाडीकडे निघतात आणि तुमचं आवाहन खुर्च्यांसमोर होतं. २०२७ च्या सिंहस्थात हॉटेलं आणि रस्ते दोन्ही भरलेले असणार, त्या महिन्यांत काही धरूच नका.

पंचांग उघडून एकादशी आणि संकष्टी टाळा. संकष्टीला निम्मं टेबल चंद्रोदयाची वाट बघतं. आणि जैन पाहुण्यांचा विचार आधी करा. शहरातल्या मोठ्या देणगीदारांमध्ये चोविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याचा नियम, पाळणारी घरं कमी नाहीत. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सूर्यास्त साधारण साडेसहाला. त्यांच्यासाठी पावणेसहाला वेगळं, कांदा-लसूण आणि कंदमुळं नसलेलं जेवण तयार ठेवा, आणि पत्रिकेवर ती वेळ छापा. रात्री नऊला ‘तुमच्यासाठी जैन काउंटर आहे’ म्हणणं म्हणजे त्यांना उपाशी बसवणं. जेवण शाकाहारीच ठेवा. मद्य नको. एक दिवसाचा परवाना काढता येतो, पण मुलींच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमात त्याची शोभा नाही.

केटररला हमीचा आकडा ७२ तास आधी द्यायचा असेल, तर टेबल घेणाऱ्यांकडून नावं पाच दिवस आधी मागवा. टेबल विकलं गेलं म्हणजे भरलं असं नाही. आपल्याकडे दहाचं टेबल घेणारा ऐन वेळी चौघांना घेऊन येतो, आणि सहा रिकाम्या खुर्च्या हॉलचा चेहरा उतरवतात. म्हणून प्रत्येक टेबलाला एक टेबलप्रमुख नेमा, त्याच्याकडून दहा नावं लिहून घ्या, आणि कमी पडतील तिथे शाळेतल्या शिक्षिका, वसतिगृहाच्या माजी विद्यार्थिनी यांना बसवा. पाहुण्यांशी मोकळेपणाने बोलणारी माजी विद्यार्थिनी टेबलावर असली की भाषणाची अर्धी गरज संपते. तिला आधी विचारून, तिची तयारी असेल तरच. दारिद्र्याचं प्रदर्शन म्हणून कोणालाही बसवू नये.

गोल टेबल पाच फुटी असेल तर आठ माणसं, सहा फुटी असेल तर दहा. केटरर पाच फुटीवर दहा खुर्च्या लावून मोकळा होतो, मग कोपराला कोपर लागतो. ऑर्डर देतानाच व्यास लिहून घ्या.

दारावर नावनोंदणीची चार टेबलं हवीत. २०० पाहुणे म्हणजे साधारण १०० जोड्या, प्रत्येकी एक मिनिट, आणि सगळे येतात त्याच अर्ध्या तासात. एकाच टेबलावर रांग लावली तर शेवटची जोडी दीड तासाने आत येईल. यादी आडनावाने न लावता टेबल क्रमांकाने लावा.

लिलाव, आवाहन, संकल्पपत्र

मूक लिलाव, म्हणजे बोली कागदावर लिहून केलेला लिलाव, नाशिकला छान जमतो, कारण वस्तू इथल्याच मिळतात: येवल्याची पैठणी, तांबट कारागिरांनी घडवलेली भांडी, स्थानिक चित्रकारांची चित्रं, बागेतला एक दिवस. दहा-बारा वस्तू पुरे. चाळीस ठेवल्या की बोली पातळ होते आणि सगळंच स्वस्तात जातं. प्रत्येक वस्तूपुढे कागद, वर बाजारभाव, सुरुवातीची बोली त्याच्या निम्म्याच्या आसपास, प्रत्येक वाढ दहा टक्क्यांची. कागद जेवण सुरू होण्याआधी उचला. नंतर उचलले तर लोक जेवून निघून जातात आणि वस्तू पडून राहते. लिलावात घेतलेल्या पैठणीची पावती ही खरेदीची पावती, देणगीची नव्हे.

आवाहन चार मिनिटांचं, आणि ते अध्यक्षांनी करू नये. वसतिगृहाच्या अधीक्षिकेने करावं. एका मुलीचा वर्षाचा जेवणाचा, कपड्यांचा, पुस्तकांचा खर्च किती, आणि अशा किती मुलींसाठी आज पैसे नाहीत, एवढं तिने सांगावं. हे होईपर्यंत जेवणाचे काउंटर झाकलेले राहिले पाहिजेत. झाकणं उघडली की हॉल तिकडे सरकतो, मग व्यासपीठावर कोणीही असो. केटररच्या मुकादमाला हे लेखी द्या.

याच कारणासाठी सत्कार एकाचाच. बारा जणांना शाल-श्रीफळ म्हटलं की प्रत्येकी अडीच मिनिटं धरून अर्धा तास गेला, आणि देण्याची इच्छा भुकेत बुडाली.

अमेरिकेत आवाहनानंतर हात वर करून रक्कम बोलतात, मोठ्या आकड्यापासून खाली. आपल्याकडे चारचौघांत आकडा सांगायला संकोच वाटतो, आणि कमी देणाऱ्याला कमीपणा वाटतो. त्यापेक्षा टेबलावर संकल्पपत्र ठेवा. रकमेऐवजी त्यावर ओळखीचं एकक लिहा: एका मुलीचं एक वर्ष, एका महिन्याचा किराणा, वाढदिवसाची किंवा पुण्यतिथीची एका दिवसाची जेवणाची तिथी. तिथी ही कल्पना आपल्याकडे घराघरात मुरलेली आहे, आणि ती दरवर्षी परत येते. मूळ देणगीदार गेल्यावरही मुलं ती चालवतात. प्रत्येक टेबलावर दोन पेनं ठेवा. पेन नसल्यामुळे कोरी परत आलेली संकल्पपत्रं ही अशा कार्यक्रमातली सगळ्यात टाळता येण्याजोगी हानी आहे. टेबलप्रमुखाने पत्रं गोड पदार्थ येण्याआधी गोळा करावीत. संकल्प म्हणजे जमा नव्हे. दोन दिवसांत फोन गेला नाही तर रक्कम रेंगाळते.

गुप्तदानाची आपली परंपरा मोठी आहे, पण धर्मादाय ट्रस्टला निनावी पैसा जपून घ्यावा लागतो. अशा देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यांतल्या मोठ्या आकड्यापलीकडे गेल्या की वरच्या रकमेवर ३० टक्के कर लागतो. देणाऱ्याला नाव नको असेल तर नाव, पत्ता, पॅन वहीत घ्या आणि ‘नाव जाहीर करू नये’ असं त्याच्या सहीने लिहून घ्या. मार्गरीट काएतानीला जे हवं होतं ते हेच: नाव पुढे नको, काम मात्र पुरं व्हावं.

पावत्या सात दिवसांत. देणग्यांचं वार्षिक विवरण आयकर खात्याला वेळेत द्यायचं, कारण देणगीदाराला लागणारं प्रमाणपत्र त्यावरूनच निघतं. १९६१ च्या कायद्यात त्यासाठी ३१ मे ही तारीख होती. आणि महिन्याभरात प्रत्येक पाहुण्याला एका पानाचा हिशेब: जमा, खर्च, खर्च कोणी उचलला, वसतिगृहाला दिले किती, त्यातून घेतलं काय. फोटो त्याच्या मागच्या बाजूला.

एक गोष्ट ट्रस्ट बहुतेक वेळा विसरतात, ती कायम निधीची, म्हणजे मूळ रक्कम न मोडता ठेवायच्या निधीची. रोमच्या दक्षिणेला निन्फा नावाचं मध्ययुगीन गाव चौदाव्या शतकाच्या शेवटी लुटलं गेलं आणि पुढे हिवतापाने ओस पडलं. त्याच्या भग्न भिंतींमधून काएतानी घराण्याने विसाव्या शतकात बाग उभी केली. मार्गरीट तिथे राबली आणि १९६३ मध्ये तिथेच वारली. मुलगी लेलिया निपुत्रिक होती. पण १९७७ मध्ये ती गेली त्याआधीच, १९७२ मध्ये, वडिलांच्या नावाने प्रतिष्ठान स्थापन झालेलं होतं. बाग आजही ते सांभाळतं आणि वर्षातल्या ठरावीक दिवशी लोकांसाठी उघडतं.

नाशिकच्या वसतिगृहाला हेच करायचं असेल तर देणगीदाराकडून एका ओळीचं लेखी पत्र लागतं: ‘ही रक्कम ट्रस्टच्या कायम निधीत जमा करावी.’ सही, तारीख, रक्कम. तोंडी सांगितलेलं चालत नाही. पत्र नसेल तर ती रक्कम चालू उत्पन्नात धरली जाते. पत्र असेल तर ती कायद्याने ठरवून दिलेल्या गुंतवणुकीत वेगळी ठेवायची आणि फक्त व्याज वापरायचं. त्या पत्राचा छापील नमुना संकल्पपत्राच्या मागच्या बाजूलाच घ्या, म्हणजे त्याच पेनाने, त्याच टेबलावर सही होते.